बोटीच्या पिछाडीचे दोन पट्टे: तीन उन्हाळे आणि सुमारे सात हजार मैलांनंतर

मिशिगनमधल्या नोव्हाय या आमच्या गावाहून सुपीरियर सरोवराच्या काठावरचे म्युनिसिंग गाठायचे, तर जवळजवळ ४०० मैलांचा रस्ता कापावा लागतो. गेली तीन वर्षे प्रत्येक उन्हाळ्यात किमान तीनदा आम्ही आमची १७ फुटी ॲल्युमिनियमची बोट गाडीमागे जोडून हा प्रवास करीत आलो आहोत. या काळात बोट ट्रेलरवर बांधण्यासाठी जे साहित्य मी वापरले, त्यांपैकी एका वस्तूबद्दल सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. ती वस्तू म्हणजे ‘बोटबकल जी२’ या नावाने मिळणारी, ट्रेलरच्या चौकटीलाच कायमची बसवायची, आपोआप गुंडाळल्या जाणाऱ्या पट्ट्यांची जोडी. उत्तर अमेरिकेत राहणारी आपली अनेक मंडळी आता स्वतःची बोट बाळगू लागली आहेत. बोट घेताना इंजिन, मासे शोधणारे यंत्र, बसायच्या खुर्च्या यांची चौकशी सगळे करतात, पण ती चारशे मैल बांधून कशी न्यायची हा प्रश्न बहुतेकांना पहिल्या प्रवासाच्या आदल्या रात्री पडतो. मलाही तो तेव्हाच पडला होता.

बोट ट्रेलरवर कशी बसते हे आधी सांगायला हवे, कारण पट्ट्याचे महत्त्व त्यावरच अवलंबून आहे. आमच्या ट्रेलरवर गालिच्यासारख्या कापडाने मढवलेल्या दोन लांब फळ्या आहेत आणि बोटीचा तळ त्या फळ्यांवर टेकतो. पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेवर, एक लोखंडी कडी असते आणि तिच्यात विंचचा, म्हणजे ट्रेलरवरच्या ओढून घेणाऱ्या चक्राचा, पट्टा अडकवलेला असतो. हा विंचचा पट्टा पाण्यातली बोट ट्रेलरवर ओढून घेण्यासाठी असतो, पण अनेक जण तेवढ्यावर विसंबून हायवेला लागतात. पिछाडीला मात्र काहीच बांधलेले नसते, आणि खरे वजन तिथेच असते. आमच्या बोटीचे ९० अश्वशक्तीचे इंजिन साधारण ३६० पाउंडांचे आहे आणि ते बोटीच्या मागच्या उभ्या फळीवर, जिला इथे सगळे ट्रान्सम म्हणतात, टांगलेले असते. रस्त्यातला खड्डा किंवा पुलाचा सांधा लागला की ट्रेलर खाली बसतो, बोट क्षणभर वरच राहते, आणि मग ते सगळे वजन फळ्यांवर आदळते. चारशे मैलांत असे किती वेळा होत असेल, याचा हिशेब मांडून पाहावा.

ट्रान्समच्या दोन्ही कोपऱ्यांना खालच्या बाजूला जाड सळईच्या कड्या असतात. त्या कड्यांपासून ट्रेलरच्या चौकटीपर्यंत दोन पट्टे ताणून बांधले की बोट आणि चौकट मिळून एकच वस्तू होते आणि हादरा सोसण्याचे काम जिथे व्हायला हवे तिथे, म्हणजे ट्रेलरच्या स्प्रिंगांमध्ये, होते. म्हणूनच पट्टा नेहमी चौकटीला बांधावा, आसाला कधीही बांधू नये. आस चाकांबरोबर वरखाली होत असतो, त्यामुळे आसाला बांधलेला पट्टा प्रत्येक धक्क्याला सैल पडतो आणि पुन्हा झटका देऊन ताणला जातो.

चार वर्षांपूर्वी, बोट घेतली त्या पहिल्या उन्हाळ्यात, मी एका मोठ्या दुकानातून नारिंगी रंगाचे, एक इंच रुंदीचे साधे रॅचेट पट्टे, म्हणजे दातेरी चक्रावर दांड्याने आवळायचे पट्टे, आणले होते. घरून निघताना ते इतके घट्ट होते की बोटाने छेडल्यावर तंबोऱ्याच्या तारेसारखे वाजत. आय-७५ या हायवेवरून उत्तरेकडे जाताना ग्रेलिंगच्या आसपास आम्ही रेस्ट एरियात थांबलो आणि मुलगा सहज मागे फिरून आला. “बाबा, हा पट्टा फाटलाय का?” असे त्याने विचारले, तेव्हा मी खाली वाकून पाहिले. डाव्या पट्ट्याची निम्म्याहून अधिक रुंदी कापली गेली होती आणि तुटलेले धागे पिंजलेल्या कापसासारखे फुलून आले होते. पट्टा ज्या ठिकाणी चौकटीच्या पन्हाळीसारख्या लोखंडावरून वळत होता, तिथली कड धारदार होती. दोनशे मैल पट्टा त्या कडेवर केसाएवढा पुढेमागे सरकत राहिला आणि करवतीने कापावा तसा कापला गेला. उजव्या पट्ट्यावरही त्याच जागी पांढरट चर पडला होता. दोष पट्ट्यांपेक्षा माझ्या बांधण्याचा होता, कारण कडेवर रबराचा तुकडासुद्धा मी ठेवला नव्हता. उरलेला प्रवास आम्ही जवळच्या दोराचे चार फेरे घेऊन, ताशी ५५ मैलांच्या वर न जाता पुरा केला. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पट्टा तुटून मागच्या गाडीपुढे काय आले असते, हा विचार पुन्हा पुन्हा मनात येत राहिला.

त्यानंतरच्या वसंतात मी बोटबकलची जोडी घेतली. तिच्यासाठी तेव्हा शंभर डॉलरांच्या थोडे वर पैसे मोजले, म्हणजे साध्या रॅचेट पट्ट्यांच्या कित्येक पट. हिची रचना मोटारीतल्या सीटबेल्टशी मिळतीजुळती आहे. दोन इंच रुंदीचा पट्टा एका धातूच्या घरात स्प्रिंगच्या जोरावर गुंडाळलेला असतो आणि ते घर चौकटीला बोल्टने पक्के बसते. बटण दाबून पट्टा बाहेर ओढायचा, त्याच्या टोकाचा प्लास्टिकने मढवलेला आकडा ट्रान्समच्या कडीत अडकवायचा आणि दांडा मागेपुढे करून पट्टा आवळायचा. सोडताना पुन्हा बटण दाबले की पट्टा आत जातो. पट्टा चौकटीच्या कुठल्याच कडेवरून वळत नाही, हा या रचनेचा सर्वांत मोठा गुण आहे. पट्टा जिथून निघतो तिथून थेट कडीकडे जातो, त्यामुळे ग्रेलिंगला जे झाले त्याचे मूळच इथे उरत नाही.

बसवायला मला एक शनिवारची दुपार लागली. काम अवघड नाही, पण त्याआधीच्या मोजमापात घाई करू नये. बोट ट्रेलरवर असतानाच कडीपासून चौकटीपर्यंतचे अंतर फितीने मोजावे, आणि पट्टा शक्य तितका सरळ खाली येईल अशी जागा निवडावी. माझी पहिली निवड चुकणार होती, कारण त्या जागी दांडा पूर्ण फिरवताना हात चाकावरच्या पत्र्याला अडत होता, तर दुसऱ्या बाजूला पट्टा मासे शोधणाऱ्या यंत्राच्या सेन्सरला घासत होता. म्हणून बोल्ट आवळण्याआधी पट्टा बाहेर काढून, आकडा अडकवून, दांडा पूर्ण फिरवून दोन्ही बाजूंना तपासावे. दिव्यांच्या वायरी आणि ब्रेकची नळी चौकटीच्या आतून जातात, त्यामुळे भोक पाडायची वेळ आलीच तर ड्रिल लावण्याआधी आत टॉर्च मारून पाहणे आवश्यक आहे. नट आतून नायलॉन असलेले वापरावेत, कारण ट्रेलरच्या सततच्या थरथरीने साधे नट हळूहळू ढिले होतात.

क्षमतेबद्दल लोक हमखास गोंधळतात. या पट्ट्यावर तुटण्याची क्षमता २,५०० पाउंड आणि कामाचा, म्हणजे सुरक्षित वापराचा, भार ८३३ पाउंड दिलेला आहे. दुसरा आकडा पहिल्याचा तिसरा हिस्सा असतो आणि हिशेब करताना नेहमी तोच धरायचा असतो. आमची बोट, इंजिन, पेट्रोल आणि सामान मिळून सुमारे २,००० पाउंड भरते आणि ट्रेलर धरून एकूण वजन २,७०० च्या आसपास जाते. मग दोन पट्टे मिळून १,६६६ पाउंड कसे पुरतात, असा प्रश्न एका मित्राने मला विचारला होता. पट्टे बोटीचे वजन उचलून धरत नाहीत, ते वजन फळ्यांवर असते. पट्ट्यांनी बोट फळ्यांपासून सुटू द्यायची नाही, एवढेच काम करायचे आहे. मोठ्या, दोन आसांच्या ट्रेलरवरच्या बोटीसाठी मात्र हा हिशेब नव्याने करावा आणि वरची क्षमता असलेले पट्टे घ्यावेत. त्याचबरोबर नाळेवरची सुरक्षा साखळी विंचच्या पट्ट्याव्यतिरिक्त स्वतंत्र अडकवलेली असलीच पाहिजे. विंचचा दात घसरला किंवा पट्टा तुटला, तर पुढचे टोक धरून ठेवायला तीच उरते, आणि पिछाडीचे पट्टे कितीही चांगले असले तरी ते तिची जागा घेऊ शकत नाहीत.

प्रत्यक्ष वापरात लक्षात आलेली गोष्ट म्हणजे घरी आवळलेला पट्टा पहिल्या वीस-पंचवीस मैलांत हमखास थोडा सैल पडतो. यात पट्ट्याचा काही दोष नाही. फळ्यांवरचे कापड दबते, बोटीचा तळ आपली जागा पकडतो, आणि पाव इंचाची ढिलाई निर्माण होते. म्हणून आम्ही फ्लिंटच्या अलीकडे पहिला थांबा घेतोच, भूक असो वा नसो. तळहाताने पट्टा मध्यावर दाबून पाहायचा. तो दबला, तर दांड्याचे एक-दोन दात पुरतात. साध्या रॅचेटमध्ये हेच करायला पट्ट्याचे लोंबणारे टोक सोडून पुन्हा बांधावे लागे, आणि पाऊस असला की ते काम “पुढच्या थांब्यावर बघू” म्हणून टळत असे. काम सोपे झाल्यामुळे ते दर वेळी होते, आणि माझ्या मते या वस्तूची निम्मी किंमत तिथेच वसूल होते. फार आवळण्याचा मोहही टाळावा. बोट फळ्यांवर दाबली गेली की पुरे. त्यापुढे ओढत राहिल्यास ताण ट्रान्समच्या कडीवर आणि तळावर येतो.

ज्यांच्याकडे अजून लांब, साधे पट्टे आहेत त्यांनी एक करावे. सपाट पट्टा साठ मैलांच्या वेगाला वाऱ्यात फडफडू लागतो, त्याचा घूं-घूं आवाज पार गाडीत ऐकू येतो, आणि ती फडफड पट्ट्याला आतून झिजवते. बांधताना पट्ट्याला एक पीळ दिला की आवाजही थांबतो आणि झीजही. बोटबकलचा पट्टा आखूड असल्यामुळे आमच्या बोटीवर ही वेळ आली नाही. नायलॉनचा दोर मात्र यासाठी वापरू नये, कारण भिजल्यावर तो ताणला जातो आणि सकाळी घट्ट बांधलेली बोट दुपारच्या पावसानंतर सैल झालेली आढळते.

इतके कौतुक केल्यावर हेही सांगितले पाहिजे की पट्टे बोटीला ट्रेलरशी बांधतात, पण ट्रेलर गाडीमागे नीट चालेल की नाही हे वजनाच्या मांडणीवर ठरते. दोन वर्षांपूर्वी माझे वडील शिरोळहून इकडे आले होते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी दोन्ही आइस बॉक्स, जास्तीचे पेट्रोल आणि नांगर असे सगळे सामान बोटीच्या मागच्या भागात ठेवले होते, कारण तिथे जागा मोकळी होती. वडिलांनी लांबूनच एकदा पाहिले आणि म्हणाले, “अरे, गाडी उलाळ झालीय तुझी.” आयुष्यभर उसाच्या बैलगाड्या भरलेल्या माणसाला ते सांगायला वजनकाटा लागला नाही. बैलगाडीत मागे जास्त भार झाला की धुरा वर उचलली जाते आणि जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते. ट्रेलरचेही अगदी तसेच आहे. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा गाडीच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर जिथे गाडीला जोडतात तिथे, खाली दाबत असला पाहिजे. आमच्या बाबतीत तो २७० पाउंडांच्या घरात येतो. तो कमी झाला की ट्रेलर वेगात शेपटीसारखा हलू लागतो, आणि एकदा हलू लागला की वेग वाढेल तसे ते हेलकावे वाढत जातात. त्या वेळी जोराने ब्रेक दाबू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि वेग आपोआप उतरू द्यावा. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी सगळे सामान पुढे सरकवले. हिचखाली बाथरूमचा साधा वजनकाटा ठेवून आम्ही भारही मोजला. काट्याची मर्यादा ३०० पाउंड असल्याने तो पुरला. ज्यांचा भार याहून अधिक असेल त्यांनी हे करू नये.

चाकांकडेही तितकेच पाहावे लागते. बोटीच्या ट्रेलरची चाके तासन्‌तास हायवेवर पळून तापलेली असतात आणि मग रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडायच्या उतारावर, एकदम थंड पाण्यात बुडतात. आतली हवा आकसते, मागच्या सीलमधून पाणी आत ओढले जाते आणि बेअरिंगमधले ग्रीस निकामी होते. म्हणून रॅम्पवर पोहोचल्यावर दहा-पंधरा मिनिटे चाके निवू द्यावीत. प्रत्येक थांब्यावर मी हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही हब, म्हणजे चाकांचे मधले तुंबे, चाचपतो. कोमट लागले तर ठीक, पण एक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे तापलेला लागला तर पुढे जाऊ नये. टायरबद्दल इतकेच सांगेन, की ट्रेलरचे अनेक टायर ताशी ६५ मैलांपर्यंतच्याच वेगासाठी बनवलेले असतात, आणि बे सिटीच्या उत्तरेला हायवेची मर्यादा ७५ झाली म्हणून ते टायर काही बदलत नाहीत.

या सगळ्या तयारीची खरी परीक्षा मॅकिनॉ पुलावर होते. १९५७ साली खुला झालेला हा पूल सुमारे पाच मैल लांब आहे, मिशिगन आणि ह्यूरॉन या दोन सरोवरांच्या मधोमध तो उभा आहे, आणि तिथे वाऱ्याला अडवणारे काहीही नाही. आतल्या लेनचा पृष्ठभाग लोखंडी जाळीचा असून खाली पाणी दिसते, आणि त्या जाळीवर ट्रेलरची चाके किंचित इकडेतिकडे भटकतात. मी बाहेरची, डांबरी लेन धरतो आणि सांगितलेल्या वेगाहून कमीच जातो. पहिल्या वर्षी आरशात पाहिले, तेव्हा आडव्या वाऱ्याच्या झोताबरोबर बोटीची पिछाडी ट्रेलरवर बोटभर सरकून परत जागेवर येताना मला स्पष्ट दिसली होती. गेल्या तीन वर्षांत वारा तसाच होता, कधी अधिकही होता. आरशात बोट आणि ट्रेलर एकत्र डुलले, पण वेगवेगळे कधीच हलले नाहीत. माझ्या दृष्टीने या पट्ट्यांविषयी याहून मोठे प्रमाणपत्र नाही.

रॅम्पवर मात्र या पट्ट्यांबाबत एक सावधगिरी बाळगावी लागते. ते इतके आटोपशीर आणि खाली बसवलेले असतात की सोडायचे राहून जाऊ शकतात. तसे झाल्यास बोट तरंगायला लागताच ट्रेलरलाही उचलू पाहते. शनिवारी सकाळी मागे आठ-दहा गाड्यांची रांग असताना माणूस गडबडतो. म्हणून पट्टे रॅम्पच्या उतारावर नव्हे, तर आधीच्या तयारीच्या जागेत सोडावेत, आणि त्याच फेरीत बोटीच्या तळाचे बूच बसवावे. परतताना क्रम उलटा. बूच काढून सगळे पाणी निथळू द्यायचे, मगच पट्टे बांधायचे. मिशिगनमध्ये २०१९ पासून बोट रस्त्याने नेण्याआधी बूच काढून पाणी सोडणे आणि चिकटलेली पाणवनस्पती काढणे कायद्यानेच बंधनकारक आहे, कारण झेब्रा शिंपल्यांसारखे परके जीव एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात असेच पसरतात. पट्ट्यांवर आणि आकड्यांवर गुंडाळलेले शेवाळही या वेळी काढावे. पट्टा आत गुंडाळला गेला की ते दिसेनासे होते.

कोणी हे घेऊ नये, हेही सांगतो. ज्यांचे तळे घरापासून दहा मैलांवर आहे आणि रस्ता गावातला आहे, त्यांना कडेवर रबर लावलेले, पॉलिएस्टरचे चांगले साधे पट्टे पुरे आहेत. ज्यांच्या ट्रेलरची चौकट बोटीच्या कडीपासून फार दूर आहे त्यांनी आधी मोजावे, कारण हा पट्टा जास्तीत जास्त ४३ इंच बाहेर येतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात बोट उतरवणाऱ्यांनी स्प्रिंग असलेली कुठलीही वस्तू घेताना प्रत्येक खेपेनंतर ती गोड्या पाण्याने आतून धुण्याची तयारी ठेवावी. मी गोड्या पाण्यातसुद्धा महिन्यातून एकदा पट्टा पूर्ण बाहेर ओढून नळाच्या धारेखाली धरतो, उन्हात वाळवतो आणि मगच आत सोडतो.

गेल्या ऑक्टोबरमध्ये बोट थंडीसाठी झाकून ठेवताना मी दोन्ही पट्टे उजेडात धरून बोटांनी चाचपत गेलो. आकड्याजवळच्या शिलाईचा एकही टाका सुटलेला नव्हता. उजव्या पट्ट्याची एक कड उन्हाने थोडी फिकट पडली होती आणि तिथे नखाएवढ्या जागेत धागा किंचित उभा राहिला होता. त्या जागेवर मी काळ्या मार्करने खूण करून ठेवली आहे. मे महिन्यात म्युनिसिंगला निघण्याआधी ती खूण वाढलेली दिसली, तर तो पट्टा बदलेन, आणि पुन्हा हीच जोडी घेईन.